गार पाणी

कॉलेजच्या फीला मदत देणाऱ्या ट्रस्टच्या बाई घर बघायला येणार, म्हणून प्रणालीने सकाळीच बाबांना हाताशी घेऊन फ्रिज शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला. फ्रिज दिसला तर गरीब कोण म्हणणार?

बाई घामाघूम होऊन आल्या. बाबा सवयीने उठले. "थांबा, गार पाणी देतो," म्हणत कोपऱ्यात गेले आणि दार उघडायला हात पुढे केला. हात हवेतच राहिला. फरशीवर फ्रिजच्या चार पायांचे डाग तेवढे होते.

प्रणालीला मान वर करवेना.

"माठातलंच द्या," बाई म्हणाल्या. पाणी पिऊन त्यांनी अर्जावर शिफारस लिहिली. जाताना म्हणाल्या, "दूध नासायच्या आत फ्रिज घरी आणा."

त्या गेल्यावर बाबाच तिला म्हणाले, "माझं चुकलं गं."