निळा टॉवेल

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे पांगले, तरी अडीच वर्षांच्या रेवाने आईचा निळा टॉवेल सोडला नव्हता. दुपारी ती बाबाच्या, श्रीरंगच्या मांडीवर झोपली, तीही टॉवेलसकट.

झोपेतच ती खुदकन हसली.

"सटवाई हसवतेय," श्रीरंगची काकू सवयीने बोलून गेली. "कानात सांगते, तुझी आई मेली. लेकराला ते खोटंच वाटतं, म्हणून हसतं." आणि मग चपापून तिने तोंडाला पदर लावला.

"खोटं," रेवा झोपेतच पुटपुटली. "आई आंघोळ करतेय."

श्रीरंगच्या डोळ्यांपुढे अंगण आलं. त्या दिवशी बायका तिच्या आईला शेवटची आंघोळ घालत होत्या. रेवा रडायला लागली, तेव्हा तिला उचलून आत नेताना त्यानेच सांगितलं होतं, "आई आंघोळ करतेय, राणी. झाली की येईल."

एरवी आंघोळ झाली की आई आतून हाक मारायची, आणि टॉवेल नेऊन द्यायचा मान रेवाचा.

काकूने हळूच टॉवेल सोडवायला हात पुढे केला.

"राहू दे, काकू," तो कसाबसा म्हणाला. "ती हाकेची वाट बघतेय."