हिरवा दिवा

पत्रा ठोकणारा प्रेस खाली आला आणि सुवर्णाच्या हातमोज्याचं टोक साच्यात अडकलं. मोजा पुरुषी मापाचा, टोकाला रिकामा. म्हणून बोट वाचलं. तिनं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

नाशिकजवळ सातपूरच्या या शेडमधला प्रेस पुण्यातून चालतो. ललित नावाचा इंजिनिअर तिथं घरी बसून लॅपटॉपवर ठोक्यांचा वेग ठरवतो. पत्रे ठेवायला हात मात्र इथलेच लागतात. आज त्यानं दोन ठोक्यांमधल्या नऊ सेकंदांचे सात केले. विचारलं नाही, सांगितलं नाही. तरी हात आत असला की सेन्सरचा दिवा लाल व्हायला हवा, प्रेस जागच्या जागी थांबायला हवा. आज दिवा हिरवाच राहिला.

सुपरवायझर मुझफ्फरच्या फोनवर ललितचा व्हिडिओ कॉल आला.

"कुणी बंद केलं? माल आज निघायचाय."

"सेन्सर मेलाय, साहेब. बोट जात होतं माझं."

"ताई, माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. चालू करा. जमत नसेल तर घरी बसा, माणसं लय मिळतात."

सुवर्णाची नजर पॅनलवर टांगलेल्या वाळक्या हाराकडे गेली. दसऱ्याला मशीनची पूजा झाली तेव्हा हाच झेंडूचा हार सेन्सरसमोर लोंबत होता. मशीन चालेना. 'सेन्सर बिघडलाय, इथून बंद करून टाकतो,' हाच ललित म्हणाला होता. मशीन चाललं. सगळे पेढे खायला गेले. नंतर हार तिनं बाजूला केला. सेन्सर कुणीच परत चालू केला नाही. अकरा दिवस तिचा हात तसाच आत-बाहेर होत होता; नऊ सेकंदांत तो वेळेत निघायचा, म्हणून दिव्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिनं हार काढून पुन्हा सेन्सरसमोर लटकवला. मुझफ्फरच्या हातातला फोन घेतला आणि साच्यात उताणा ठेवला.

"अगं बाई, फोन माझाय!"

"असू द्या, भाई. साहेब म्हणतात ना, सगळं हिरवं हाय."

तिनं मेन स्विच वर केला. सेन्सर जागा असता तर हारानं दिवा लाल झाला असता. दिवा हिरवाच.

"आता दाबा तिथून, साहेब."

ललितच्या स्क्रीनभर प्रेसचा लोखंडी तळ होता, बरोबर डोक्यावर. दोनशे किलोमीटर लांब, आपल्या खुर्चीत, त्यानं मान आत घेतली. मग लॅपटॉपवर एक बटण दाबलं.

प्रेस खाली आला नाही. दिवा लाल झाला.