रद्दीचं पथ्य

"तेहतीस किलो," डॉक्टरीणबाईंनी काट्यावरचा आकडा वाचला. "दोन महिन्यांपूर्वी अठ्ठावीस होता, काका."

बाइंडरने मान खाली घातली, जणू वजन त्याचंच वाढलं होतं. काट्यावर बसलेला रद्दी मात्र खुशाल शेपूट हलवत होता.

रद्दी हे नाव त्याच्या मुलीने ठेवलेलं. बाइंडिंगच्या दुकानात, कागदाच्या कात्रणांच्या पोत्यात हे पिल्लू तिलाच सापडलं होतं. चार महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.

"धावतो, खेळतो, पोस्टमनवर भुंकतो," बाइंडर म्हणाला. "पण पोट काही थाऱ्यावर नाही. रोज जुलाब. काल दोनदा उलटी. बाई, तिच्यामागे घरात एवढंच राहिलंय. याला काही झालं तर आमची ही उभी राहायची नाही."

त्याने स्वतः शिवलेली छोटी वही पुढे केली. सकाळी सात, दोन मुठी खाद्य. संध्याकाळी सात, दोन मुठी. पानामागून पान तेच, सुवाच्य अक्षरात.

"रिपोर्ट तर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत याचे," बाई म्हणाल्या. "जंत नाहीत, यकृत ठणठणीत. गेल्या तीन दिवसांत काही फरक?"

"काहीच नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. "पडायला हवा होता." मग म्हणाल्या, "तुम्ही जेवता तेव्हा हा कुठे असतो?"

"टेबलाखाली. पोरीच्या खुर्चीपाशी. आमच्या दोघांच्या मधोमध."

"आणि काकू? जेवतात ना?"

बाइंडरचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "आता जेवते. आधी घास उतरत नव्हता तिच्या घशाखाली. हल्ली ताट अगदी लख्ख. मी रोज मुद्दाम बघतो. तेवढ्यावर माझा दिवस निघतो बघा." त्याने खिशातून बायकांचं एक लहान घड्याळ काढलं. "हे आमच्या हिचंच. पट्टा सैल झालाय, एक भोक पाडायचंय. चामडं जुनं झालं की ताणतं."

बाईंनी घड्याळ हातात घेतलं. पट्ट्याला आधीच एक नवं भोक होतं. मग त्यांची नजर बाइंडरच्या कमरेकडे गेली. तिथल्या पट्ट्यालाही टोच्याने पाडलेली दोन नवी भोकं होती, आणि उरलेलं टोक पार कुशीपर्यंत गेलं होतं.

"काका," त्या हलकेच म्हणाल्या, "याला कोणीतरी घरचं खायला घालतंय. तेलाचं, मिठाचं, रोज, पोटभर. असंच चाललं तर याचं स्वादुपिंड सुजेल. मग माझ्या हातात काही उरणार नाही."

बाइंडर स्टुलावर बसून नखाच्या कडेची वाळलेली खळ खरवडू लागला. रद्दीने काट्यावरून उतरून त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली.

"मीच घालतो," तो अखेर म्हणाला. "तोंडात घास फिरतो नुसता, गिळवत नाही. ताटात टाकलं तर ती बघेल. मी जेवत नाही म्हटल्यावर तीही पुन्हा सोडेल. मग ती पाणी घ्यायला वळली की हळूच खाली..." त्याने रद्दीच्या कानामागे बोट फिरवलं. "हाही लबाड. चकार आवाज करत नाही."

"आजपासून बंद."

"बंद. शपथेवर. पण बाई, तिला यातलं काही कळू देऊ नका. ती आत्ता कुठे जेवायला लागली आहे."

बाईंनी घड्याळ त्याच्या हातात परत दिलं.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या.

मंगळवारी याच स्टुलावर बसून त्याच्या बायकोनेही त्यांच्याकडून हेच वचन घेतलं होतं.