हवंय की लागतंय

हॉलमध्ये बायकोचा फोन वाजला. ती जाऊन महिना झाला, तरी माझे हात तो रोज चार्जिंगला लावतात. मेसेज ओटीपीचा होता. बारा वर्षांची आमची मुक्ता टॅबवर काहीतरी मागवत होती.

एवढ्याशा पोरीच्या हातात कार्ड द्यायला माझा साफ विरोध होता. बायको म्हणायची, "आत्ताच चुकू दे, थोडक्यात शिकेल." ओटीपी मात्र तिने स्वतःच्या फोनवर ठेवला होता.

मी आकडे वाचायला लागलो.

"बाबा, आधी विचार ना."

"काय?"

"आई विचारायची. हवंय की लागतंय? नुसतं हवं असेल, तर आठ दिवस थांबायचं."

मी विचारलं. तिने स्क्रीनवरचं चित्र मोठं करून बघितलं. मग "हवंय," म्हणाली आणि कार्ड कंपासपेटीत ठेवून दिलं. रडली नाही. मीही नाही.

मी टॅब जवळ ओढला. तिची आई लावायची ती मोगऱ्याच्या वासाची पावडर होती. सगळ्यात लहान डबा.

"हे लागतंय," मी म्हणालो. "मोठा मागव."