चाळीसच्या पुढे

"यंत्र माणसाच्या आज्ञेत असतं, फक्त आज्ञा देणारा माणूस लागतो," असं जाहीर करून मास्तरांनी वीस वर्षांच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि पहिला अर्धा तास इंजिनात पडलेला पाना शोधण्यात घालवला. पण दुपारपर्यंत क्रूझ कंट्रोलची झिजलेली केबल बाहेर आली, नवी बसली आणि तिला ढील किती ठेवायची तेही नेमकं जमलं.

बायकोची अट सरळ होती. पेडलवरून पाय काढल्यावर गाडी एका वेगात आपली आपण चालली, तर घरात राहील. नाहीतर उद्या भंगारवाला.

दोघं मोकळ्या हमरस्त्याला लागले. मास्तरांनी झोकात ॲक्सिलरेटर दाबला.

"अहो, चाळीस झाले. हळू."

"अगं, पन्नासच्या खाली हे क्रूझ कंट्रोल लागतच नाही."

"मग नका लावू. गाडी भंगारात जाईल ती जाईल, माझा जीव अजून चांगल्या अवस्थेत आहे."

मास्तरांनी उभं आयुष्य अख्ख्या शाळेला एका नजरेत गप्प बसवलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"बरं, मग दोन मिनिटं डोळे तरी मिटतेस का?"