गजेंद्रचा स्मॅश

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यानं जगाला दोन गोष्टी दिल्या: मँगनीज आणि गजेंद्रचा स्मॅश. पैकी मँगनीजचे पुरावे आहेत.

स्मॅशचा पुरावा द्यायला गजेंद्र आज स्वतः एका शाळेच्या मैदानावर उभा होता. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला प्रशिक्षक हवा होता. मुख्याध्यापिका उमा मॅडमनी मुलाखतीला खुर्ची द्यायच्या ऐवजी शिट्टी दिली. म्हणाल्या, "तासभर शिकवून दाखवा. मी बसते बघत."

कॉलेज सुटल्यापासूनची बारा वर्षं वारासिवनीच्या राइस मिलमध्ये वजनकाट्याशेजारी गेली होती. काटा पोत्यांसाठी होता, पण वजन गजेंद्रचंही वाढत गेलं. सकाळी निघताना बायको, वैदेही, म्हणाली होती, "जमवूनच या. त्या मिलमधी तुमचा जीव रमत नाही, मले काय दिसत नाही?" तो हसला होता. बसमध्ये मात्र तळहात चारदा पुसावे लागले.

जाळीशी श्रुतिका नावाची पोरगी उड्या मारत होती. बॉल यायच्या आधीच वर जाई आणि बॉल आला की खाली असे.

"काहून एवढी घाई करून राह्यली व? बॉलकडं नको पाहू," गजेंद्र म्हणाला. "देणारीच्या मनगटाकडं पाहा. मनगट उघडलं का पाय उचल."

तिनं पाहिलं. उडाली. बॉल पलीकडं धपकन आदळला, आणि पोरगी आपल्याच हाताकडं बघत राहिली.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"वसंतानं. आमच्या कॉलेजच्या टीमचा लिफ्टर. तो बॉल उचलून द्याचा अन् मी माराचो. म्हणे, गज्या, तू माझं मनगट पाहा, बाकीचं जग मी पाहतो."

मॅडमनी वहीत लिहिलं. गजेंद्रनं पोट आत घेतलं.

मग पौर्णिमा नावाच्या दुसऱ्या पोरीचे तीन बॉल बाहेर गेले. ती रडवेली होऊन स्वतःच मैदानाबाहेर निघाली. गजेंद्रनं तिला परत बोलावलं आणि चौथाही बॉल तिलाच दिला, जरा सोपा. तो आत पडला.

"चुकली का तिलेच द्याचा," तो मॅडमना म्हणाला. "भीतीले घर करू द्याचं नाही."

"हेही वसंतांचंच?"

"हौ. फायनलले माझे तीन स्मॅश बाहेर गेलते. सगळे म्हणत, गज्याले बसवा. वसंतानं चौथाही मलेच देला. जिंकलो."

हा किस्सा तो बारा वर्षं सांगत आला होता. त्यात वसंताही आहे, हे त्याच्या आजच ध्यानात आलं. कोणाचंही नाव न घेता हे सांगता आलं असतं, पण जीभ वळेना.

"आता कुठं असतात?"

"लामत्याले. धानाची शेती आहे. संध्याकाळी गावच्या पोरी जमा करून खेळवते. जाळी म्हणे मासोळ्यांची बांधली आहे." गजेंद्र हसला. "साधा मानूस आहे, मॅडम. अर्जबिर्ज त्याले सुचत नाही."

"साथीदाराचं असं नाव घेणारे खेळाडू फार नसतात," मॅडम म्हणाल्या.

गजेंद्रची छाती बारा वर्षांनी पोटाच्या पुढं आली. उरलेला अर्धा तास तो असा काही शिकवत राहिला, की शाळा सुटलेल्या पोरीही दप्तरं घेऊन कडेला थांबल्या. शेवटची शिट्टी झाली तेव्हा श्रुतिका विचारत होती, "सर, आप कल आओगे ना?"

मॅडम उठल्या. त्यांनी चक्क हात जोडले.

"गजेंद्रजी, तुमच्या आधी सहा जण येऊन गेले. सगळ्यांनी आपापल्या ट्रॉफ्या सांगितल्या. कसं शिकवायचं ते मात्र आजच ऐकलं. एकेक शब्द लिहून घेतलाय. माझा निर्णय झाला."

गजेंद्रनं मनातल्या मनात राइस मिलला शेवटचा रामराम घातला. घरी जाताना पेढे घ्यायचे, एवढंही ठरवून टाकलं.

मॅडमनी वहीचं नवं पान उघडलं.

"फक्त एक छोटंसं काम होतं. त्या वसंतांचा फोन नंबर द्याल का?"