सेव्ह न करता

“मग जा की,” दत्तात्रेय म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे वळले.

स्मृतीनं बंगळूरच्या नोकरीचं पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. दुपारची गाडी होती. ‘थांब’ म्हणावं, असं महिनाभर दत्तात्रेयांच्या ओठांवर होतं. पण आईविना वाढवलेल्या पोरीच्या पायांत आपणच खोडा कसा घालायचा? चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला दोन अक्षरं जड झाली होती.

निवृत्तीनंतर धारवाडच्या मळमड्डीतल्या घरात बसून ते धारवाडी मराठीचा शब्दकोश करत होते. त्यासाठीचा प्रोग्राम लेकीनंच लिहून दिला होता. म्हाताऱ्यानं मात्र त्यात एक खोड लावून घेतली होती. तोंडानं बोलवत नाही ते एखाद्या शब्दाखाली लिहायचं, एकदा वाचायचं आणि सेव्ह न करता बंद करायचं. पाटी पुसल्यासारखं सगळं नाहीसं व्हायचं. आत्ताही त्यांनी ‘जा’ हा शब्द काढला आणि पुढं लिहिलं, ‘थांब म्हणायचा धीर नसला की म्हणतात.’ मग बंद करून ते चहा ठेवायला गेले.

चहा होईपर्यंत स्मृती प्रोग्राम तपासत बसली. चहा पिऊन ती उठली. घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं असतं, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. ती नुसतंच ‘निघते’ म्हणाली. दत्तात्रेयांना ते लागलं, पण त्यांनी बॅग उचलून रिक्षात ठेवली.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, “अप्पा, आता सेव्ह करत बसू नका. लाइट जाऊन तुमचं काम बुडतंय म्हणून काल बदल केलाय. फाइलच मेमरीला जोडून टाकलीये. तुम्ही लिहाल ते सरळ फाइलीतच उतरतंय.”

“आणि सेव्ह न करता बंद केलं तर?”

“तरी राहतंय की.”

रिक्षा वळणाआड गेली. दत्तात्रेय चपला न काढताच आत आले. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीइतकाच वेळ लागला, पण तो सरता सरेना. शेवटी त्यांनी ‘जा’ काढला.

त्यांची ओळ जशीच्या तशी होती. तिच्याखाली आणखी एक ओळ होती, ती त्यांनी लिहिलेली नव्हती.

‘पाहा : येते.’